एमरिसच्या सहीवाचून

बॅरी,
सोमवार, ७ मार्च २०११

प्रिय एमरिस,

अक्षर ओळखलंस ना? बरा आहेस ना? तुमच्या हल शहरात थंडी फार असते म्हणे. इथे माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे. रॉनीला जाऊन, मला विधवा होऊन, दोन वर्षं झाली. तुला कुणी कळवलं का ते ठाऊक नाही. मी तरी नाही कळवलं.

मी घर विकतेय. जिना चढवत नाही आता. समुद्राजवळ तळमजल्यावरचा फ्लॅट ठरलाय, पण इथला व्यवहार महिनाअखेर झाला नाही तर तो हातचा जाईल. आपलं घर घेणारं जोडपं गोड आहे, त्यातल्या मुलीला सातवा महिना लागलाय. आणि सगळं अडलंय तुझ्यापाशी.

आधी मला काही उमजेचना. वकीलबाई मिस पार्फिट म्हणाल्या, "मिसेस बीव्हन, तुमच्या घरावर निर्बंध आहे."

मी म्हटलं, "तो कोंबड्या पाळायच्या नाहीत, तोच ना? अहो, परसात पीससुद्धा सापडायचं नाही!"

"तो वेगळा. हा सरकारी नोंदीतला. तुमच्या भावाची लेखी संमती आल्याशिवाय घर दुसऱ्याच्या नावावर चढणार नाही."

"पण घर तर माझ्या एकटीच्या नावावर आहे!"

"आहे ना. तरीही."

तीनदा समजावलं बिचारीने. मी तीनदा मान हलवली आणि घरी येऊन पुन्हा गोंधळले.

मंगळवारी पोस्टमनने पाकीट टाकलं, त्यावर तुझं नाव. पायपुसण्यावरच्या त्या नावाकडे मी बघतच राहिले. पत्र पार्फिटबाईंचंच होतं. नोंदीत तुझा पत्ता म्हणून आपलंच घर लिहिलंय! मी फोनवर तडकले, "एकोणीस वर्षांत हा माणूस या दारात आलेला नाही. कुठल्या गाढवाने दिला हा पत्ता?" त्या म्हणाल्या, मूळ अर्जाची प्रत मागवते.

प्रत परवा आली. अक्षर माझंच आहे.

पत्त्याचं मी खरंच विसरले होते, एमरिस. तेव्हा तू वरच्या खोलीत राहायचास. बाकीचं मात्र विसरले नव्हते. रॉनीला घर विकून स्पेनमध्ये बार काढायचा होता, आणि त्याला तोंडावर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. तूच म्हणालास, "डिल, माझ्या नावाचं कुलूप घाल. शिव्या मी खाईन." अर्ज मी भरला. रॉनीला मात्र सांगितलं, एमरिसने घरावर हक्क सांगितलाय.

ऑल्विनमावशीच्या अंत्यविधीनंतर चहाच्या वेळी त्याने सगळ्यांदेखत तुला चोर म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी हॅम सँडविचचे काठ कापत राहिले.

त्याच संध्याकाळी तू गेलास. पुढे जो विचारेल त्याला मी तीच गोष्ट सांगत आले. रॉनी होता तोवर रॉनीची भीती. तो गेल्यावर दोन वर्षं मी कुणाला भीत होते, हे माझं मलाच कळत नाही.

काल चॅपलमध्ये प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं.  चहा ओतणारी ग्लेनिस म्हणाली, "अगं बये! आणि आम्ही त्या पोराला नाताळचं एक कार्डसुद्धा पाठवलं नाही!" तुझा हलचा पत्ता तिनेच शोधून दिला.

संमतीचा कागद सोबत आहे. सही करायची की नाही, ते तू ठरव. नाही केलीस तर फ्लॅट जाईल, मी जिन्याचा कठडा धरून चढेन, आणि या वेळी तुझ्या नावाने कुणाकडे रडणार नाही.

केलीस तर कागद पोस्टाने धाडू नकोस. स्वतः घेऊन ये. घर विकलं जाईपर्यंत सरकारदरबारी तुझा पत्ता हाच आहे. वरच्या खोलीत अंथरूण घालून ठेवलंय.

तुला शिव्या खायला लावून स्वतः सँडविच कापत बसलेली,
तुझी बहीण
डिल