फायनल होईपर्यंत

४ नोव्हेंबर

येऊन तिसरा दिवस. खोलीतला एसी इतका गार की पांघरुणातून हात काढवत नाही. रूममेट कर्नाटकची, ती सारखी झोपते. चांगलंय.

सकाळी स्पर्धेच्या तलावात प्रॅक्टिस. पाणी हलकं. बटरफ्लाय ठीक, बॅक ठीक, ब्रेस्टला परत रखडले. चारशे मेडलीत माझं घोडं तिथंच अडतं. चार प्रकार, प्रत्येकी शंभर मीटर, आणि तिसऱ्यात सगळ्या मला मागं टाकून जातात.

सर आज ओरडले नाहीत. भिंतीवरचा टर्न साफ चुकला तरी "असू दे, परत घे." सहा वर्षांत पहिल्यांदा. नंतर फोन मागून घेतला. "रेस होईपर्यंत माझ्याकडं राहू दे. घरी बोलायचं तर माझ्या फोनवरून बोल." का म्हटलं तर, "लक्ष जातं तुझं." जातं, खरंय. पण आशियाई स्पर्धेला येऊन शाळेतल्या पोरीसारखा फोन काढून घ्यायचा म्हणजे…

५ नोव्हेंबर

घरी फोन. आधी दादा, मग आई. आईचा आवाज वेगळाच लागला. "सर्दी झाली गं. तू जेवती का नीट?" मागं पुष्कळ माणसांचा आवाज. कोण आलंय विचारलं. "पावणं आल्यात. दादाच्या सोयरिकीचं." दादाला मुलगी बघायला लागले आणि मला पत्ता नाही!

आण्णांना दे म्हटलं. "आळेफाट्याला हायेत. गाडी आडकलीय एक."

आण्णांचं गॅरेज आळेफाट्याला. ट्रक अडकला की ते दोन दोन दिवस महाळुंग्याला घरी येत नाहीत. नवीन काही नाही. रेसच्या आधी त्यांचा फोन असतोच. येईल.

सर जेवले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

६ नोव्हेंबर

फोन नाही आला. सरांच्या फोनवरून दोनदा लावला, बंद. चार्जिंगला लावायचा विसरले असतील.

आण्णांना मेडलीची इंग्रजी नावं येत नाहीत. फुलपाखरू, उताणं, बेडूक, मोकळं. पाठीला रिकामा कॅन बांधून त्यांनीच मला विहिरीत ढकललं होतं. आई तेव्हा दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. पुढं विहीर पुरेना, तर पेठच्या हॉटेलवाल्याला जाऊन म्हणाले, तुमचा पाण्याचा पंप मी सांभाळतो, पोरगीला सकाळचं तुमच्या टाकीत पवू द्या. तो टाकी शब्द ऐकून हॉटेलवाला चिडला होता. स्विमिंग पूल म्हणा म्हणे.

उद्या सकाळी हीट, पहिली फेरी. भीती नाही. काहीच नाही, उलट.

७ नोव्हेंबर, दुपार

आठवी. फायनलला गेले. आठच जणी जातात. शेवटची, पण गेले.

दादाला सांगितलं. तो "भारी" म्हणाला आणि फोन लगेच ठेवला. आण्णांना सांग म्हणायचं राहून गेलं.

८ नोव्हेंबर, विमानतळ

कालचं आज लिहिते. लिहायला काही तरी पाहिजे हातात.

कडेची लेन. फुलपाखराला सगळ्यात शेवटी. उताण्याला एक-दोघी हाताशी आल्या. बेडकाला वाटलं, आता सगळ्या पुढं जाणार. गेल्या नाहीत. शेवटचं शंभर कसं झालं माहीत नाही. भिंतीला हात लावला, वर बघितलं, सहावी. आजवरचा माझा सगळ्यात चांगला वेळ. बोर्डावर नाव परत वाचलं, माझंच होतं.

सर टाळ्या वाजवत नव्हते. टॉवेल घेऊन उभे. म्हणाले, "बस इथं." बसले.

"पनू, आण्णा गेले."

मी विचारलं, "कुठं?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. रविवारी, गॅरेजमध्ये, छातीत दुखलं. नारायणगावला नेईपर्यंत संपलं होतं. रविवारी म्हणजे मी इथं आले त्या दिवशी. मी विमानातून उतरत होते तेव्हाच बहुतेक.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. आईंनी शपथ घातली. फायनल होईपर्यंत सांगायचं नाही म्हणाल्या."

मी विचारलं, स्विम-डाऊन करू का? रेसनंतर अंग सैल करायला सावकाश पोहायचं असतं, ते. मी जाऊन केलं. नेहमी करते तेवढं पूर्ण केलं. नंतर अंघोळ, नंतर जेवले. भात होता, आणि कसली तरी गोड चटणी. दोनदा घेतली.

फोन परत मिळाला. गावाच्या ग्रुपवर आण्णांचा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. त्याच्या खाली माझा फोटो, हार्दिक अभिनंदन. खाली परत हात जोडलेले, त्याच माणसांचे.

९ नोव्हेंबर, घर

दादा विमानतळावर न्यायला आला. मंचरच्या पुढं म्हणाला, "मी म्हणत व्हतो तुला सांगू. आई ऐकंना." मी बरं म्हटलं.

गावात शिरताना एकाच खांबावर दोन फ्लेक्स. वर मी, पदकं गळ्यात (जुना फोटो, राज्य स्पर्धेचा). खाली आण्णा. कडा दोन्हींना एकाच डिझाईनच्या, फक्त माझी पिवळी.

बायका दारातच गळ्यात पडून रडायला लागल्या. मला येईना. पाठीवर थापटत राहिले त्यांच्या. काकू कानात म्हणाली, "रड बाई, मोकळी व्हय." सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. कुंकू नाही. मी समोर बसले. तिनं माझ्या केसांना हात लावला. "वल्लंच बांधलंस?" केस कोरडे होते.

१० नोव्हेंबर

दुपारी आई एकटी सापडली. म्हटलं, सांगायचं होतंस.

"सांगितलं असतं तर निघाली असती तू."

"निघालेच असते."

"आन् काय बघितलं असतं? मानूस किती येळ ठेवत्यात? तू यायच्या आदीच सगळं उरकलं असतं. त्ये बी गेलं, ह्ये बी गेलं. त्यापरीस एक तरी होऊ दे म्हनलं."

"ते तू ठरवायचं नव्हतं."

"मंग कोन ठरवनार? ठरवनारा गेला व्हता."

तिचं बरोबर आहे. मी किती वेळा मनात तपासून पाहिलं. विमान, रस्ता, सगळं धरून. पोचलेच नसते. बरोबर आहे म्हणूनच पुढं काही बोलता येत नाही. चूक असती तर भांडले असते.

११ नोव्हेंबर

दशक्रिया. नदीकाठी मांडव, खुर्च्या, माईक. महाराजांचं प्रवचन. मग पुढाऱ्यांची भाषणं. एकजण म्हणाले, आण्णांच्या जाण्यानं तालुक्याचं न भरून येणारं नुकसान झालं, त्याचबरोबर त्यांच्या कन्येनं आशिया खंडात तालुक्याचं नाव केलं, तिला पुढील वाटचालीस शुभेच्छा. मागं कोणी तरी टाळी वाजवली. मग थांबली.

मला उभं राहायला सांगितलं. उभी राहिले. नमस्कार केला. बसले.

१२ नोव्हेंबर

काकू भांडी घासता घासता बोलली. फायनलच्या संध्याकाळी ओट्यावर माणसं बसलेली, दादानं मोबाईल खिडकीत टेकवून रेस लावली. सुतकाच्या घरात हे काय म्हणून एक-दोघं उठून गेले. आई आतून बाहेर आली. सगळ्यांत पुढं जाऊन बसली. "आपली कंची?" टोप्या सगळ्या सारख्याच. दादा म्हणाला कडंची.

आईनं मला कधीच पोहताना बघितलेलं नाही. विहिरीकडं यायची नाही, पेठला नाही, पुण्याला नाही. पाण्याची भीती वाटते तिला.

काकू म्हणे, "पापनी हलवली न्हाई बघ तिनं. तू हात लावल्यावर म्हनली, आली का वर? बास. आन् तडक आत गेली. मंग जी रडाया लागली…"

आण्णा गेले त्या दिवसापासून तोवर रडली नव्हती म्हणे.

मी हे ऐकून चहा टाकला. सगळ्यांना दिला.

१४ नोव्हेंबर

तेरावं झालं. पाहुणे गेले. मांडव गेला. आण्णांच्या अस्थी दादानं शेताच्या बांधावर पुरल्यात, वर आंब्याचं रोप. मला नेऊन दाखवलं. रोपाला जाळी आहे. मी म्हटलं, पाणी कोण घालतं? तो म्हणाला, मी.

१९ नोव्हेंबर

दादाबरोबर आळेफाट्याला. गॅरेज उघडलं. एक ट्रक तसाच उभा, गिअरबॉक्स खाली लाकडावर. ड्रायव्हर संगमनेरकडचा, गाडीचं काय ते बघायला आलेला. मला बघून उठला. "तुमी आण्णांची पोरगी ना, ती पवनारी?"

तो त्या वेळी तिथंच होता. विचारावं की नाही, विचारलं. काही बोलले का ते?

"म्हनले, सोळाचा पाना द्या हिकडं. मी दिला. मंग म्हनले, थांबा जरा. आन् बसले."

"आणखी?"

"न्हाई ताई." मग त्यालाच वाईट वाटलं असावं. "सकाळी मातर तुमचंच चाललं व्हतं. पोरगी इमानात बसली म्हनून लई वेळा सांगितलं. समद्या हॉटेलात सांगून आले."

दादा दुसऱ्या मिस्तरीशी बोलत होता, गॅरेज चालवायला घेतो का म्हणून. मी पाने पुसून भिंतीला लावले. आण्णा लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे. तसेच लावले. हात काळे झाले, साबणानं निघेनात. घरी येईपर्यंत तसेच.

२३ नोव्हेंबर

सरांचा फोन. एक तारखेपासून कॅम्प, बाहेरगावी, तीन महिने. पुढच्या मोठ्या स्पर्धेसाठी नाव आहे माझं. "घाई नाही," म्हणाले. मग म्हणाले, "पण कळव."

फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "पनू, मला माफ कर असं म्हणणार नाही. मी परत तेच केलं असतं का, मला माहीत नाही."

मी बरं म्हटलं. हल्ली सगळ्याला बरंच म्हणते.

२६ नोव्हेंबर

पेठला गेले. हॉटेलवाल्यानं पूल उघडून दिला. आण्णांचं नाव काढताच त्याचे डोळे भरले, मी तिकडं बघितलं नाही. चारही प्रकार केले. हातपाय आपोआप चालतात. मला वाटलं होतं पाण्यात तरी रडू येईल, तिथं कोणाला दिसत नाही. नाही आलं. बाहेर आले, भूक लागली, मिसळ खाल्ली.

२९ नोव्हेंबर

आज आईशी बोलले. ती शेंगा फोडत होती. मी पण बसले फोडायला.

म्हटलं, मी कॅम्पला गेले आणि रोज फोन केला, तू म्हणालीस सगळं बरंय, तर मी काय समजायचं?

"बरं असंल तर बरंच म्हनन."

"तेव्हाही बरंच म्हणालीस. सर्दी झाली म्हणालीस. पावणं आल्यात म्हणालीस."

ती फोडत राहिली.

"आई, शब्द दे. काही झालं, तुला, दादाला, कुणालाही, तर त्याच दिवशी सांगायचं. रेस असो नसो."

तिनं टरफलं पदरातून झाडली. मला वाटलं, देते म्हणेल. खोटं का होईना म्हणेल. त्यावर मी जाईन, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

"शब्द न्हाई देनार मी," ती म्हणाली. "तुझ्याशी खोटं बोलायचं मला आता जमायचं न्हाई. पन त्या टायमाला काय वाटंल त्ये आज कसं सांगू?"

मग, "तूच सांग. तू माझ्या जागी आसती तर?"

मी पुढची शेंग फोडली. शेंगा संपल्या. तिनं दाणे दोन डब्यांत भरले, एक घरात ठेवला, एक माझ्या बॅगेपाशी नेऊन ठेवला.

सरांना अजून कळवलेलं नाही.