गव्हाच्या दाण्याएवढी वात

१२ नोव्हें. २००६, रवि.
दादाने दापोड्याच्या गोडाऊनमधून सुगंधी मेणबत्त्या आणल्या. खोके फाटलेले, म्हणून कामगारांना वाटून टाकले. सहा काचेचे ग्लास, सहा रंग. सकाळच्या वंदनेला आईने लाल लावली, बुद्धमूर्तीपुढे. वंदनेची मेणबत्ती आम्ही फुंकत नाही, आपोआप विझू देतो. नेहमीची बोटाएवढी तासात संपते. ही संपेचना. साडेतीनला बाजारातून आले तर जिन्यातच जळका वास. काच तडकलेली, खाली अंथरलेलं प्लास्टिक काळं. आणि आई तिथेच बसून निवांत लसूण सोलतेय. वास नाही आला? तर म्हणे, "कसला?"

१३, सोम.
कालचं डोक्यातून जात नाही. मागे दूध करपलं. आंबलेली डाळ वाढली. आम्ही विसराळू म्हणून हसायचो. आईला वासच येत नाही की काय? विचारलं तर सर्दी हाय म्हणते. दूध करपलं तेव्हापासून सर्दीच आहे का?
पुढच्या सोमवारपासून माझी नोकरी, कशेळीची लॅब, आठ ते चार. दादा दिवसभर गोडाऊनला. घरात आई एकटी आणि गॅस. दादाचं मत: रेग्युलेटर काढून कपाटात कुलूपबंद करायचा, आई डब्यातलं जेवेल. पण हे तिला सांगणार कोण...

१४, मंगळ.
खोक्यातला कागद आज वाचला. वरातीमागून घोडं. एका वेळी चार तासांच्या वर जाळू नये. पहिल्यांदा वरचं सगळं मेण वितळू द्यावं, नाहीतर मधे खड्डा पडतो. पंख्याखाली नको. तळाशी थोडं मेण उरलं की बंद. दर वेळी आधी वात कापावी, पाव इंच. पाव इंच म्हणजे? आई म्हणाली, गव्हाचा दाणा धर.
लूमच्या कापसाबद्दल मात्र एक अक्षर नाही! खालच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून उडून मेणात पडतो नि पेटतो, एकीच्या दोन वाती. आई आता आधी ग्लास पुसते. आणि फुंकायचं नाही म्हणून वर स्टीलची ताटली झाकते. ज्योत गप्प. शोध आईचा, स्वारी खूश.

१६, गुरु.
परीक्षा घेतली. पिवळी: आई म्हणे लिंबू. बरोबर. केशरी: संत्रं. बरोबर! दादाला लगेच फोन. मग हिरवी. आई ठामपणे, "पुदिना." कागदावर सफरचंद.
बाईसाहेब रंग बघून ठोकत होत्या. मला आधी हसू आलं, मग रडूच. आईने हिरवीवर ताटली झाकली. मग म्हणाली, "बारा वर्सं लूमवर सुताच्या कांड्या भरल्या, नाकातून कापूस निघायचा. वास कदी गेला, माझं मलाच न्हाय कळलं." सांगितलं का नाहीस? "सांगितलं असतं तर चूल काढून घेतली असती."
दादाचं मत तिने ऐकलं असणार. मला लाज वाटली.

१७, शुक्र.
डॉक्टर म्हणाले वास कधी परत येतो, कधी नाही. म्हणजे आम्हाला माहीत होतं तेवढंच.

१९, रवि.
उद्या ड्युटी. शेवटची परीक्षा. दादाच्या रुमालाने डोळे बांधले, जांभळी लावली. आई मान वर करून बसली, लहान मुलीसारखी. मग:
"कशाचा वास, न्हाय सांगता येत. पन तू वात कापली न्हाईस. धूर होतोय."
खरंच विसरले होते. काळी रेघ सरळ वर चाललेली. दादा ओरडला, बघ, जळकं कळतं तिला! मी तर नाचायचीच बाकी होते. सुगंध गेला उडत, जळकं कळलं तरी पुरे.
ताटली झाकली. रुमाल सोडताना लक्षात आलं, कात्रीचा आवाजच झाला नव्हता. आईचे कान तिखट. मशिनच्या घरघरीत धागा तुटलेला तिला नुसत्या कानाने कळायचा.
विचारलं, नाकाने कळलं की कात्री ऐकू आली नाही म्हणून?
आई रुमालाची घडी घालत होती. "सकाली किती वाजता निगशील? डबा गरम करून देते."
दादा माझ्याकडे बघतोय. कपाटाची चावी माझ्या मुठीत.