शेजारच्या खोलीतला माणूस

वहिनी,

'प्रिय' लिहायला हात धजावला नाही.

बायकांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध आम्ही चित्रकारांनी बसस्थानकाच्या भिंतीवर मोठं चित्र काढलं. हात उगारलेला नवरा आणि तो हात धरून ठेवणारी बायको. उद्घाटनाला मी भाषणही ठोकलं, "गप्प बसणं हासुद्धा गुन्हाच आहे!" टाळ्या पडल्या. गर्दी पांगल्यावर तुम्ही पुढे आलात. दादाचं घर सोडून तुम्हाला तेव्हा चार महिने झाले होते.

"छान काढलंत, भाऊजी," तुम्ही म्हणालात. "फक्त शेजारच्या खोलीतला माणूस राहिला."

एवढंच बोलून तुम्ही बस पकडलीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं दादा तुम्हाला मारायचा आणि मी पलीकडे रेडिओचा आवाज वाढवून पोस्टर रंगवत बसायचो. सकाळी तुमच्याच हातचा चहा प्यायचो, सुजलेल्या गालाकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर ती खोली काढली आणि रेडिओपाशी बसलेला मीही काढला. सोबत्यांनी विचारलं, "हा कोण?" मी सगळं सांगितलं.

मग तुमच्या वकीलबाईंकडे जाऊन दादाविरुद्ध जबाब लिहून दिला. तेव्हापासून आईने माझ्याशी बोलणं टाकलंय.

हे पत्र मात्र पाठवणार नाही. माफी मागितली, तर तुम्ही "असू द्या, भाऊजी" म्हणाल आणि मला बरं वाटेल. तेही काम तुमच्याकडूनच कशाला करून घेऊ?

तुमचा धाकटा दीर