विहिरीचा रकाना

चैत्र शुद्ध तृतीया, शके १८१०

आज गौर बसवली, कैरीची डाळ वाटली, आणि वाटता वाटता ठरवलं – यंदाच्या मतांत आमच्या स्वारीला पाडायचं.

एकवीस वर्षं झाली, कल्याणच्या म्युनिसिपालिटीत मेंबर आहे. आधी कलेक्टरसाहेब नेमायचे. मग मतं आली, पण समोर उभं राहायची छाती कोणाची नव्हती. यंदा आनंदराव वकील उभे आहेत. वय अठ्ठावीस, मिशीसुद्धा अजून धड फुटलेली नाही.

स्वारी सकाळपासून आरशासमोर. पगडी तीनदा उतरवली, तीनदा चढवली. पुढचा दात हलतो, त्यामुळे भाषणात 'स' आला की शिट्टी वाजते. 'सज्जनहो' म्हटलं की चुलीपाशी निजलेली मांजर उठून बसते. मी पदर तोंडात धरून हसले. गोदा गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

चैत्र शुद्ध पंचमी

ही वही तांदळाच्या कणगीत ठेवते. तिथे स्वारीचा हात जन्मात जायचा नाही.

माझं अक्षर फार सुरेख आहे. हे मी नाही म्हणत, स्वारीच म्हणायची. लग्नानंतर मला लिहायला वाचायला शिकवलं ते कलेक्टरच्या मडमेला दाखवायला. मडम आली, मी चार ओळी वाचल्या, तिने टाळ्या वाजवल्या आणि गेली. तमाशा संपला. सासूबाई होत्या तोवर नवराबायकोने दिवसाउजेडी बोलायची सोय नव्हती, म्हणून स्वारी चिठ्ठ्या लिहू लागली. सासूबाई गेल्या, चिठ्ठ्या राहिल्या. 'आज पानावर दोघे जास्त.' 'अंगरखा परटाकडे.' एवढाच आमचा संसार.

आणि विहिरींचं बुक. दर महिन्याला मेंबराने आपल्या पेठेतल्या सहा विहिरी स्वतः जाऊन पाहायच्या आणि एकेका रकान्यात लिहायचं. स्वारीचं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं. म्हणून चिठ्ठी माझ्याकडे यायची आणि बुकात मी उतरवायचे. सही तर वर्षाच्या सुरुवातीलाच बाराही पानांवर ठोकलेली! मग भिवा पट्टेवाला बुक कचेरीत नेऊन दाखवायचा. नऊ वर्षं सहाही रकान्यांत एकच मजकूर – 'पाहिली. पाणी स्वच्छ.' विहिरी बघायला कोण जातंय? गेली दोन वर्षं तर मी चिठ्ठी उघडायचेसुद्धा नाही. फडताळात टाकायची, तेच शब्द लिहायचे, मोकळी.

गेल्या आषाढातही लिहिलं. कुंभारआळीची विहीर – पाहिली, पाणी स्वच्छ. आमचं प्यायचं पाणी तिथलंच, कारण अंगणातल्या विहिरीचं पाणी खाडीमुळे मचूळ. लेक गोदा लग्नानंतरचा पहिला आषाढ म्हणून ठाण्याहून माहेरी आलेली. तेरा वर्षांची. विहिरीत मोरी फुटली होती. पटकीने पेठेतली अकरा माणसं गेली. गोदा सकाळी पडली ती दिवेलागणीला गेली. शेवटी पाणी पाणी करत होती आणि मी तेच पाणी तिला पाजत होते.

स्वारी तेव्हा कलेक्टरच्या बोलावण्यावरून ठाण्याला. आली तोवर सगळं आटोपलं होतं. रडली नाही. फडताळापाशी पुष्कळ वेळ उभी राहिली, मग बुक उघडून आषाढाचं पान पाहिलं, मिटलं. मला एक शब्द नाही. त्या दिवसापासून चिठ्ठीही नाही, आणि बुक माझ्याकडे दिलं नाही. आपल्याच खरडीत लिहिते आता.

मी तेव्हाच ओळखलं. आपलं पाप वाचत होती.

चैत्र वद्य प्रतिपदा

स्वारीला खोकला. काढा केला नाही.

चैत्र वद्य चतुर्थी

आनंदरावांकडे हळदीकुंकू होतं. मी गेले! समोरच्या पक्षाच्या घरी मेंबरीणबाई आलेल्या पाहून बायकांच्या हातातली पन्ह्याची भांडी तशीच राहिली.

तबक घेऊन गेले होते. वर खण, खाली गेल्या सालचं बुक. वर्ष सरलेलं, कपाटात धूळ खात होतं. कोणाला पत्ता लागायचा नाही. आनंदरावांची बायको मालन चांगली चलाख आहे. तबकाचं वजन लागताच मला माजघरात नेलं.

"वहिनी, हे काय?"

"तुमच्या ह्यांना द्या. आषाढाचं पान बघायला सांगा. त्या दिवशी आमची स्वारी ठाण्याला होती. सगळी पेठ साक्षीला आहे."

ती पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अक्षर किती देखणं हो!"

"सही बघा," मी म्हटलं. "अक्षराचं काय करायचंय?"

तिने माझी ओटी भरली. ओल्या हरभऱ्यांनी. घरी येऊन उसळ केली. स्वारीने दोनदा मागून घेतली.

चैत्र अमावास्या

आत्ताच देवळातून आले, लगेच लिहिते.

संध्याकाळी देवळात कीर्तन होतं. संपल्यावर पुरुषांनी तिथेच सभा मांडली. आम्ही बायका खांबांमागे बसून राहिलो. स्वारीचं भाषण झालं, शिट्ट्यांसकट. पेठेतली टवाळ मंडळी प्रत्येक 'स'ला मान डोलवत होती. स्वारीला वाटलं, पटतंय लोकांना!

मग आनंदराव उठले. हातात बुक.

"गेल्या आषाढात कुंभारआळीची विहीर आपण पाहिलीत?"

"नाही."

स्वारी खोटं बोलेल अशी माझी खात्री होती. वकिलांचीही असावी, कारण तेही क्षणभर अडखळले.

"मग बुकात 'पाहिली' कसं? रकाना कोरा ठेवला असता तर कायद्याप्रमाणे ओव्हरसियर दुसऱ्या दिवशी येऊन विहीर बघतो. फुटलेली मोरी त्याला दिसली असती. विहीर बंद झाली असती. अकरा माणसं आज जिवंत असती. एक कोरा रकाना, मेंबरसाहेब! तेवढंही जमलं नाही?"

कुंभारआळीतली सखुबाई उठून उभी राहिली. तिचा मुलगा त्या अकरांतला. पुरुषांच्या सभेत बाई बोलते म्हणून कोणी तिला गप्प केलं नाही. "साहेब," ती म्हणाली, "तुमची पोर गेली तवा मी माझा दुख इसरून तुमच्या दारात रडायला आलेली. आता त्या रडन्याची लाज वाटते."

माझ्या काळजाला केवढा थंडावा वाटला! दहा महिने मी या वाक्याची वाट बघत होते. माझ्या तोंडून यायचं ते तिच्या तोंडून आलं, एवढंच.

पण वकील थांबेनात. बुक उंच धरून म्हणाले, "आणि हे अक्षर तर आपलं नाही. आपलं अक्षर सगळं कल्याण ओळखतं. हे कोणाचं?"

मालन वळून माझ्याकडे बघायला लागली. हा विचार मी केलाच नव्हता. मी सही बघा म्हटलं होतं!

स्वारीचा हात अंगरख्याच्या आत गेला, छातीपाशी. तिथेच राहिला. दम लागला असेल. मग हात रिकामा बाहेर आला.

"अक्षर माझं," स्वारी म्हणाली. "सही माझी. चूक माझी."

लोक हसले. मागून कोणी तरी ओरडलं, "अक्षर तरी खरं सांगा!" स्वारी खाली बसली.

घरी येताना मी जळत होते. एवढ्या वर्षांत माझं म्हणावं असं या घरात काय होतं? एक पोर आणि एक अक्षर. पोर नेली, आणि आज चारचौघांत अक्षरही आपलं म्हणून घेतलं.

वैशाख शुद्ध द्वितीया

ओटीवर सकाळी पानसुपारीला बारा-पंधरा जण असायचे. आज कोणी नाही. स्वारीने तबक स्वतःसमोर ओढलं आणि एकटीच सुपारी कातरत बसली. कातरलेली सुपारी खायला मात्र दात धड नाहीत.

वैशाख शुद्ध षष्ठी

आज मतं झाली.

आमच्याकडे धुण्याभांड्याला सगुणा येते. भिवा पट्टेवाल्याची बायको. भिवा मामलेदाराच्या टेबलापाशी उभा होता, त्यामुळे मला सगळं घरबसल्या कळलं. दोन उमेदवार दोन खुर्च्यांवर. मतदाराने मध्ये उभं राहायचं आणि नाव मोठ्याने घ्यायचं. कारकून लिहून घेतो.

"बाय, काय सांगू," सगुणा म्हणाली. "तो कालुराम नाय का, साहेबांनी गोठा बांधून दिलेला त्याला? तो साहेबांच्या पाया पडला. डोल्यातून पानी काढला. नि उभा राहून नाव घेतला वकिलाचा."

"मग स्वारी काय म्हणाली?"

"कायच नाय. वकिलाचा नाव घेनाऱ्या परत्येकाला हात जोडीत होते."

आनंदरावांना एकाहत्तर. स्वारीला चौदा. त्या चौदांतले दोघे बहिरे आहेत, त्यांना सभेत काही ऐकू आलं नसणार.

मी रव्याचे लाडू वळले. बेदाणे घातले. संध्याकाळी स्वारीच्या पानात दोन वाढले. कशाचे म्हणून विचारलं नाही. मुकाट्याने खाल्ले, हलता दात सांभाळत.

वैशाख शुद्ध सप्तमी

मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरून नेली. वाजंत्री दारासमोर थांबवली आणि घटकाभर वाजवत ठेवली. स्वारी ओटीवर उभी राहिली. आत यायला हवं होतं ना? नाही, उभीच. आनंदराव पालखीतून उतरले नाहीत. गुलाल मात्र ओटीपर्यंत आला.

मी दाराच्या फटीतून बघत होते. म्हातारा दिसला आज. साठी उलटली आहे हे मला आज दिसलं.

कीव आली असं कोणी समजू नये. गोदाला कुठे साठी दिसली?

वैशाख शुद्ध दशमी

दारातला दिवा गेला. मेंबराच्या दारापुढे म्युनिसिपालिटीचा खांब असतो, ती जुनी चाल. आमचा एकवीस वर्षं होता. भिवाच शिडी घेऊन आला. त्याला हात चालवेना. स्वारीने स्वतः शिडी धरली, वर बघून म्हणाली, "काच जप. मागे एकदा फुटली होती." मग खांब उपटल्याच्या खड्ड्यात आपल्या हाताने माती लोटली.

आता दिवा आनंदरावांच्या दारी. मालनला म्हणावं, बघते किती वर्षं राहतो ते.

वैशाख वद्य प्रतिपदा

सगुणा आज भांडी घासता घासता डोळे पुसत होती. मी खेकसले, तर बोलायलाच लागली.

"बाय, साहेब विहिरी बघत नवते असा लोक बोलतात. खोटा हाय. दर महिन्याला फाटे फाटे जायचे. आमचा घरवाला कंदील धरायचा. पोहरा सोडून पानी काढायचे, पहिला आपन तोंडात घ्यायचे. परत्येक विहिरीचा."

पहाटे देवदर्शनाला म्हणून बाहेर पडायची स्वारी. नऊ वर्षं मी तेच समजत होते.

"आणि आषाढात?"

"पाच झाल्या. सवीला निघाले तर कलेक्टराचा मानूस आला, आत्ताच्या गाडीला चला. तसेच माघारी आले, कायतरी खरडला नि ठेसनात गेले."

मी म्हटलं, नवरा त्यांचा पट्टेवाला, तू त्यांची बाजू घेणारच. भांडी नीट घास.

पाच पाहिल्या आणि सहावी न पाहता 'स्वच्छ' लिहायला सांगितलं, म्हणजे पाप दुप्पट. असंच ना?

वैशाख वद्य तृतीया

सभेतला अंगरखा परटाला द्यायचा म्हणून खिसे झटकले. आतल्या खिशात, छातीपाशी, एक चिठ्ठी. आठ घड्या. घडीवर कागद काळा पडून फाटत आलाय. कोंबडीने उकरलेलं अक्षर. आषाढातली. मी फडताळात टाकली होती ती.

'पाच पाहिल्या, पाणी स्वच्छ. कुंभारआळीची राहिली, तो रकाना कोरा ठेवावा. तेथील मोरी फुटल्याचे कानावर आहे. मी येईतो ते पाणी घरात आणू नये. गोदास जपावे.'

स्वारी ओटीवर बसली आहे. मघापासून प्यायला पाणी मागते आहे.