सराटा फोडणारी चोच

पुएर्तो आयोरा, गालापागोस
मे १९७८

प्रिय मारियानेला,

माझं सगळं बदललं ते ग्वायाकिलचं कॉलेज सोडलं त्या दिवशी नाही. ते बदललं गेल्या वर्षी, दुष्काळात, एक सराटा कट्कन फुटला त्या क्षणी. हस, खुशाल हस. सरांनी भर वर्गात ‘कासवांच्या गावचा’ म्हटलं म्हणून पुस्तकं बाकावर आपटून निघून आलेला हा फाउस्तो, आणि त्याला वठणीवर आणलं म्हणे एका काटेरी बियेनं! पण पुढचं वाच.

इथे परत आल्यावर मी डॉक्टर पिएदाद यांच्या हाताखाली कामाला लागलो. त्या माणसांच्या नव्हेत, पाखरांच्या डॉक्टर. समोरच्या ओसाड बेटावर तंबू ठोकून राहायचं, पिंझोन जाळ्यात धरायचे, पायात रंगीत कडी घालायची, चोच मोजायची आणि सोडून द्यायचं. चिमणीएवढं पाखरू ते. मला वाटायचं, चोचीत मोजण्यासारखं असतं काय? एकाची दुसऱ्यापेक्षा मोठी म्हणजे किती, तर नखाच्या कडेएवढी. मग त्या वर्षी पाऊस आलाच नाही. गवताचं मऊ बी बघता बघता संपलं आणि खडकांत उरले नुसते सराटे. एक काळा नर माझ्यासमोर बसला, त्यानं सराटा चोचीत धरला, पिळला आणि फोडला. त्याच्या शेजारच्या मादीनं तोच खटाटोप केला. पुन्हा केला. मग सराटा टाकून दिला आणि नुसती बसून राहिली. नखाच्या कडेएवढा फरक, मारियानेला!

त्या मादीच्या पायात निळं कडं होतं. मान वाकडी करून बघायची, माझ्या थापा ऐकताना तू बघायचीस तशी. म्हणून मी तिला तुझं नाव दिलं होतं. आमचे नावाडी सेगुंदोकाका मला एकदा तिच्याशी बोलताना ऐकून म्हणाले, “काय रे, पोरगी ग्वायाकिलात आणि लाडीगोडी पाखराशी? उद्या हिच्या बापाकडे मागणी घालशील!”

आमच्या घरात पिंझोन थेट ताटात उतरतात, तुला सांगितलंय ना. आई त्यांच्यासाठी खिडकीत भात ठेवते. आम्हा बेटावरच्या माणसांची मूठ पाखरू दिसलं की आपोआप उघडते. मीही पातेल्यातला मूठभर भात घेऊन तिच्यासमोर बसलो. तेवढ्यात मागून डॉक्टरबाईंचा आवाज आला, “फाउस्तो, हे तुझ्या आईचं स्वयंपाकघर नाही.” मी भडकलो. म्हटलं, “ती मरतेय आणि तुम्ही मोजताय! दगड आहात दगड!” आणि भातासकट पातेलं समुद्रात भिरकावलं. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “पातेलं एकच होतं. आता तुझा भात टुना माशाच्या रिकाम्या डब्यात शिजव.” मग माझ्याजवळ खडकावर बसल्या. “द्यायचं तर सगळ्यांना दे. या बेटावरच्या एकूण एकाला. आणि आपण गेल्यावरही देत राहा. जमेल?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी तेव्हाच पाहिलं.

काही दिवसांनी निळ्या कड्याचं ते पाखरू मला एका कपारीत मेलेलं सापडलं. हातात घेतलं तर वाळक्या पानाएवढंही वजन नव्हतं.

जानेवारीत पाऊस कोसळला. सारं बेट हिरवं झालं आणि उरलेल्या पाखरांनी गाऊन गाऊन कान किटवले. माद्या इतक्या कमी उरल्या होत्या की एकीच्या मागे पाच-पाच, सहा-सहा नर. काका म्हणाले, “बघ, तुझे भाऊबंद!” पुढे पिल्लं झाली, वाढली. ती मोजायला डॉक्टरबाईंनी साधन माझ्याच हातात दिलं. माझा विश्वास बसेना, पुन्हा मोजलं. पिल्लांच्या चोची दुष्काळाआधीच्या पिल्लांपेक्षा मोठ्या होत्या. दुष्काळात एकाही पाखराची चोच वाढली नव्हती गं. जे जसं होतं ते तसंच जगलं, नाहीतर तसंच मेलं. मोठ्या चोचीची जगली, आणि पिल्लं झाली ती त्यांचीच. कुणीच बदललं नव्हतं आणि तरी अख्खं बेट बदललं होतं. डोळ्यांदेखत! डोंगर हलताना पाहावा तसं वाटलं. डॉक्टरबाई म्हणतात, एखाद्या वर्षी पाऊस धो धो पडला आणि बारीक बियांचा सडा झाला, तर हीच मोठी चोच ओझं होईल आणि बारीक चोचीचे दिवस येतील. श्रेष्ठ कुणीच नाही. ऋतू फिरतो, एवढंच.

तुझ्या पत्रात एकच शब्द पुन्हा पुन्हा आहे: बदल. माझ्यासाठी बदल, माझ्या बाबांसाठी बदल, वर्ग सुरू व्हायच्या आत परत ये. मला न्यायला तू तुझ्या लिओनेलदादाला पाठवलंस. तो आत्ता धक्क्यावर उभा आहे, माझं तिकीट खिशात घेऊन. मी पेटी उचलून येईन असं त्याला वाटतंय. मी मात्र त्याच्या हातात हे पत्र ठेवणार आहे. तुझ्यावरचं प्रेम तसूभर कमी झालेलं नाही, म्हणूनच खोटं सांगत नाही: तिथल्या ऋतूत मी सराट्यापुढे बसलेलं पाखरू होतो, आणि माझी चोच वाढणार नाही. इथे मी जगतो. तू आलीस तर धक्क्यावर धावत येईन. नाही आलीस तर तुझ्यावर रागावणार नाही, आणि माझ्यासारख्या तापट माणसाकडून हे केवढं मोठं आहे ते तुलाच कळेल. बोटीचा भोंगा झाला. आईचा भात ओट्यावर तसाच उघडा आहे, दोन पिंझोन ताटाच्या काठावर येऊन बसलेत. खाऊ देत. खिडकी उघडी ठेवतोय. पेटी खाटेखालीच आहे. पत्र द्यायला निघालो मी, दार ओढून घेतो.

जसा होता तसाच, तुझाच
फाउस्तो