टाकीच्या झाकणातलं भोक

बाबा, तुझी गाडी चालली. काल तलासरीहून डहाणूला गेली, समुद्रापाशी उभी राहिली आणि परत आली. वाटेत कुठे थांबली नाही. तेवढं सांगायला लिहायला बसले. चौथीपर्यंतच शाळेत धाडलंस, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

नरपडच्या चिकूवाडीवाल्या शेठने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी तुला दिली, इतकी वर्षं इमानाने चालवलीस म्हणून. आमच्या तोंडावरून कधी हात फिरवला नसशील, पण तिला सकाळ-संध्याकाळ पुसायचास. आई गेल्यावर छपराखाली ढकललीस ती तिथंच राहिली. मागच्या सीटवर कोंबड्यांच्या किती पिढ्या निघाल्या. गेल्या वर्षी माझ्या नातीने ताडपत्री ओढून काढली. पोरगी आयटीआयला मोटार मेकॅनिकचं शिकली आहे. म्हणाली, "आजी, हिला मी उभी करते." म्हटलं, "उभीच आहे गं ती, चालवता आली तर बघ." तिने अंगणात इंजिन खोललं, कार्ब्युरेटर धुतला, टाकी आतून साफ केली, सगळ्या रबरी नळ्या बदलल्या. गाडी सुरू झाली. पण आठ-दहा किलोमीटर गेली की आचके द्यायची आणि बंद. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. नातीने कॉइल बदलली, पेट्रोलच्या पंपाचा पडदा बदलला, प्लग बदलले. मी बाजूला बसून टोमणे मारत होते. "शाळेत हेच शिकवलं का, ढकलायला?" तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा माझं तोंड मिटलं. असे आचके मी आधी एकदा पाहिले होते.

भर दुपार आहे. आई मागच्या सीटवर, डोकं माझ्या मांडीवर. मूल आडवं आलंय, सुईणीने हात टेकलेत, डहाणूच्या दवाखान्यात न्या म्हणाली. आशागडच्या अलीकडे गाडी आचके देते आणि थांबते. तू बॉनेट उघडतोस. प्लग काढतोस, पुसतोस, लावतोस. नळी तोंडाने फुंकतोस, थुंकतोस. मी खिडकीतून म्हणते, "बाबा, मी ना टाकीच्या झाकणाला..." तू मान वर न करता ओरडतोस, "तोंड बंद ठेव! आईला वारा घाल." मी तिच्याच पदराने वारा घालते. बैलगाडी मिळेपर्यंत आई गेली होती, पोटातलंही. संध्याकाळी तू गाडी आणायला गेलास तर पहिल्याच झटक्यात सुरू झाली. त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस. ड्रायव्हरचा चिकू तोडणारा झालास. कुणी विचारलं तर म्हणायचास, "माझ्या हाताला कळलं नाही." मरतानाही तेच म्हणालास. आणि त्या दिवसानंतर माझं तोंड कुणी बंद करू शकलं नाही, माझ्या सासूला वर भेटलास तर विचार.

मला तेव्हा काय सांगायचं होतं ते सांगते. शाबासकी हवी होती मला. टाकी भरलेली असली आणि गाडी खड्ड्यात उसळली की झाकणातून पेट्रोल उडायचं, आणि त्या वासाने पोटुशी आई ओकायची. टाकी कुठे गळली की तू धुण्याचा साबण घासायचास, गळती थांबायची. मी ते बघून शिकले होते. आदल्या दिवशी झाकणात सुईएवढं भोक सापडलं. साबण भरला, अंगठ्याने दाबला. चांगला घट्ट.

परवा गाडी पुन्हा बंद पडली तेव्हा नातीने वाटेतच टाकीचं झाकण फिरवलं आणि टाकीने सुस्सकन हवा ओढली. "आजी, हे बघ! हवा जायचं भोकच बुजलंय. पेट्रोल जातं तेवढी हवा आत नको यायला? नाहीतर पेट्रोल येणार कसं पुढे? एवढंसं भोक गं, आणि मी अख्खी गाडी खोलून बसले!" माझ्या पोलक्याची पिन मागून घेतली आणि टोकरलं. पिवळट, दगडासारखा बारका खडा निघाला. तिने तळहातावर धरला. "काय असेल गं हे?"

"चिखल," मी म्हटलं.

रडूबिडू आलं नाही. घरी येऊन भात लावला. पोरगी खूश होती, दोनदा वाढून घेतलं तिने. तुझ्या हाताला कळण्यासारखं त्यात काही नव्हतं बाबा, एवढं तुला जिवंतपणी कळायला हवं होतं. आता कुणाला सांगू? हा कागद गाडीत ठेवावा म्हटलं, पण पोरगी कप्पे उचकते. चुलीत घालेन.

तो खडा मात्र मी तिच्या हातातून घेतला होता. घरी वाटीत पाण्यात टाकला, बोटाने चोळत बसले. चिखलच असू दे, म्हणत होते. थोडा वेळ लागला, पण फेस आला.