खिडकीजवळची खाट

प्रिय आई,

तुला नि बाबांना वाकून नमस्कार. माझा खोकला पळाला, इथलं जेवणही आता अंगी लागतंय, तेव्हा काळजी करू नकोस.

लेखी परीक्षेत मी वर्गात पहिली आले. तोंडी परीक्षेत मात्र नापास. सरांनी एकही प्रश्न विचारला नाही, नुसतं "जा" म्हणाले. त्यांच्या शिकवणीच्या मुली सगळ्या पास!

फेरतपासणीचा अर्ज करता येतो, पण तो सरांकडेच जातो. वर्गशिक्षिका दार लावून घेऊन म्हणाल्या, "वर्ष गेलं तरी चालेल पोरी, पण अर्ज करू नकोस." बाबाही म्हणतील, नसती उठाठेव कशाला?

गेल्या वर्षी एकीने केला होता. मला वसतिगृहात खिडकीजवळची खाट मिळाली म्हणून तू खूश झाली होतीस ना? ती तिचीच. ती मुलगी कुठे गेली असं विचारलं, की सगळ्या ताट उचलून दुसरीकडे बसतात.

बाबांची कंबर कशी आहे? धाकटी माझी सायकल फिरवते का?

आज मी अर्ज दिला. का म्हणून गप्प बसू? सरांनी तो न वाचताच खणात टाकला, हसले, आणि माझी खाट कोणती ते विचारलं.

ऊन असेल तेव्हा माझी गादी गच्चीत घालून ठेव.

तुझी,
थोरली